माणिकरावांची मोसंबी

पेपरात छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेले किस्से मात्र साचत राहतात. आमच्या नांदेडच्या ऑफिसातले निम्मे किस्से तर एकट्या माणिकरावांचे. माणिकराव आमचे फोटोग्राफर. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळे सांभाळा. गोड बंद. फळ खायचं तर बेतानं, आणि चावून."

माणिकरावांनी त्याच दिवशी चहा सोडला आणि ऑफिससमोरच्या गाड्यावरचा मोसंबीचा ज्यूस धरला!

*

मी वैतागून म्हटलं, "अहो, एका ग्लासात चार मोसंब्या जातात. एका बैठकीत चार खाऊ शकता का?"

"न्हाई ना भाऊ! म्हणून तर ज्यूस पिऊन राहिलो!"

*

शेवटी मी लेखच लिहिला. रस काढला की चोथा फेकला जातो, तंतू त्यातच राहतात. पोट भरत नाही आणि साखर मात्र झपाट्यानं रक्तात उतरते. सकाळी पेपर उघडला. लेखाच्या बरोबर खाली जाहिरात : 'शुगरवाल्यांसाठी स्पेशल ज्यूस!'

मी जाहिरात विभागात जाऊन ओरडलो. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "शुगरवाले तेच पान वाचणार ना!"

*

हदगावात शुगर तपासणीचं शिबिर होतं. आम्ही दोघं बातमीला गेलो. दारातच स्वागताला द्राक्षांचा ज्यूस!

मी आयोजकाला धरलं. "उपाशीपोटी या, असं तुम्हीच छापलंय ना?"

"हाव. मग जेवण कुठं दिलंय?"

माणिकरावांनी ग्लास संपवून स्वतःचीही शुगर तपासून घेतली. आकडा बघून म्हणाले, "मशीन बिघडलंय."

*

मग त्यांचे फोटो धूसर यायला लागले. त्यांनी लेन्स बदलली. तरी धूसर. कॅमेरा बदलला!

"माणिकराव, डोळे दाखवा."

"डोळ्यांना काय झालंय? मोसंबीत व्हिटॅमिन असतंय!"

*

लातूरला त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "हा वाचला. दुसरा वाचवणं यांच्याच हातात आहे." मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी मोसंबी सोलत होत्या. त्यांनी एक फोड नवऱ्याच्या हातावर ठेवली. "चावून खायची. माझ्यासमोर!"

डोळ्यावर पट्टी बांधलेले माणिकराव गुपचूप चावायला लागले. एक फोड. दुसरी. चोथासुद्धा गिळला! वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मलाही वाटलं, सुटलो एकदाचे.

माणिकरावांनी ओठ पुसले. चेहरा खुलला होता.

"लई भारी मोसंबी हाय, भाऊ. हिचा ज्यूस काय लागंल हो!"