बारशाच्या फुलांचं बटर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईसमोर नाही, हॉस्टेलच्या मैत्रिणींसमोर नाही. फुईसमोर तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरात कधी येणार नाही.

मी मुळातच कमी बोलते. शाळा नंदुरबारला, इंग्रजी माध्यमाची; घरी सगळे अहिराणी बोलणारे. मला अहिराणी सगळी कळते, पण बोलायला गेले की हसतात, म्हणून लहानपणापासून गप्प बसायची सवय लागली. गप्प माणसाचा एक फायदा असतो — तो कधीतरी बोलला, की लोकांना खरं वाटतं. हा फायदा मी एकदा वापरला.

आधी फुईबद्दल सांगते. फुई म्हणजे माझी आत्या. नवरा वारल्यावर ती खांडबाऱ्याला आमच्याकडे आली, ती इथलीच झाली. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ तिने चोळलंय. मला, माझ्या भावाला, काकांच्या मुलांना. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पिंढऱ्यांवर आडवं घ्यायचं, आणि डोळीच्या तेलाने रगडायचं. डोळी म्हणजे मोहाचं बी. बाजाराच्या दिवशी डोंगरातली एक बाई ते तेल आणते. फुईची आणि तिची जुनी ओळख. हिवाळ्यात ते तेल आपोआप थिजतं, फिकट पिवळं, साजूक तुपासारखं. बोट लावलं की विरघळतं.

म्हणजे निसर्गाने केलेलं बटरच ते. मला हे सुचलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. सुरतला कॉलेजात असताना मी व्हिडिओ बघून बॉडी बटर, म्हणजे अंगाला लावायचं लोण्यासारखं मलम, करायला शिकले. त्यातल्या बायका कुठल्या कुठल्या देशांतून लोणी मागवायच्या. माझ्या घरी डबाभर पडलेलं होतं. तेल गरम पाण्यावर वितळवायचं, त्यात फुलं मुरवायची, मलमलच्या कापडातून गाळायचं, गार करायचं आणि पांढरं, हलकं होईपर्यंत घुसळायचं. सुट्टीत मी हे करत बसले की फुई शेजारी येऊन बसायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हाई पोर लोनी खात नही, आंगले चोपडस!" मग स्वतःच्या कोपराला लावून बघायची. तिला आवडायचं. डोळीचा उग्र वास गेला म्हणायची.

वहिनीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. बारशाला पाळणा शेवंतीच्या आणि गावठी गुलाबाच्या माळांनी सजवला होता. माळा ताज्या राहाव्यात म्हणून फुलवाला पाणी मारून गेला, मग आईही मधून मधून पाणी मारत राहिली. कार्यक्रम आटोपल्यावर त्या फुलांचं काय करायचं? शुभकार्याची फुलं कचऱ्यात कुणी टाकत नाही, नदीत सोडतात. मी म्हटलं, मला द्या. बाळाच्या बारशाच्या फुलांचं बटर — वहिनीसाठी आणि बाळासाठी. वहिनीचे डोळेच भरून आले. घरात मी काहीतरी करावं आणि सगळ्यांनी बघावं, असं पहिल्यांदाच होत होतं.

फुलं कोरडी लागतात. अगदी कडकडीत वाळलेली. हे मला माहीत होतं — प्रत्येक व्हिडिओत पहिली सूचना तीच असते. पाण्याचा थेंब गेला की आत बुरशी धरते. पण दुसऱ्या दिवशी मला सुरतेला जायचं होतं. मी पाकळ्या फडक्याने टिपल्या, पंख्याखाली पसरल्या, आणि पुरे झालं असं ठरवलं. वास फार छान आला होता. एक बरणी वहिनीला दिली, उरलेलं एका छोट्या डबीत माझ्यासाठी नेलं. वहिनीने बरणीचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, आमच्या नणंदबाईंनी केलंय, सगळं नैसर्गिक. मी तो फोटो प्रवासात किती वेळा उघडून पाहिला असेल.

इथपर्यंत चूक आहे. चुका होतात. मला चुकीबद्दल सांगायचं नाहीये.

हॉस्टेलवर मी माझी डबी उघडली, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके होते. मोहरीएवढे. बटरवरही दोन-तीन. मी काय केलं? चमच्याच्या टोकाने ते खरवडून काढले, झाकण पुसलं, आणि डबी कपाटात मागे ढकलली. घरी फोन करायचा विचार आला होता. एकच वाक्य बोलायचं होतं — वहिनी, ते लावू नका, खराब झालंय. मग मला तो स्टेटस आठवला. मी स्वतःला सांगितलं, त्यांच्या बरणीत नसेल झालं. एव्हाना संपलंही असेल.

बाळ अजून महिन्याचंही नव्हतं.

नंतर भावाचा फोन आला, तो दवाखान्यातूनच. बाळाच्या अंगावर पुळ्या आल्या होत्या, पाणी धरलेल्या, आणि ताप उतरत नव्हता. बाळाला ठेवून घेतलं होतं. डॉक्टर विचारत होते अंगाला काय काय लावता. सकाळी फुईचं तेल, संध्याकाळी वहिनी माझं बटर लावायची. "तुझ्या त्या बटरमध्ये काय आहे, सांग," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. मागून आई ओरडली, "तू शिकेल शे ना, तू सांग! काय व्हयनं व्हई पोरले?"

त्याच्या आधी भावाने मला फोटो पाठवले होते. मी ते नीट पाहिले होते. मला बघायची सवय आहे. पुळ्या मानेच्या वळीत होत्या, कानामागे, जांघेत. वहिनी बोटाने बटर लावायची तिथे. पाठ स्वच्छ होती, पोट स्वच्छ होतं, तळवे स्वच्छ होते — फुई जिथे रोज तेल जिरवायची ते सगळं स्वच्छ. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी म्हणाले, "बटरमध्ये फुईच्या डब्यातलंच तेल आहे. बाकी नुसती फुलं." आणि मग — हे मला कुणी विचारलं नव्हतं — मी म्हणाले, "ते तेल शुद्ध केलेलं नसतं ना दादा. बाजारात उघड्यावर असतं. आणि फुईचे हात…" पुढे बोलले नाही. बोलावं लागलं नाही.

यातलं खोटं काय होतं? तेल त्याच डब्यातलं होतं. शुद्ध केलेलं नव्हतं. फुई शेणात, मातीत काम करते. एकेक शब्द खरा होता.

बाळ बरं झालं. मानेवर फिकट डाग राहिले, तेही आता शोधावे लागतात. वहिनीची बरणी मी पुढच्या सुट्टीत धुऊन ठेवली. तिच्याही झाकणाला आतून काळं होतं, पण ती तशीच फडताळात पडून होती, दवाखान्यानंतर कुणी उघडली नव्हती. तेलाचा डबा मागच्या पडवीत गेला होता, दाराच्या बिजागरीला लावायला. घरी काय झालं ते मला आईने सांगितलं. दवाखान्यातून आल्यावर फुई बाळाला घ्यायला पुढे झाली, तेव्हा दादाने मध्ये हात आडवा धरला. सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "हात धोयेल शेतस मन्हा." त्याने हात काढला नाही. मग ती म्हणाली, "तुले बी मीच चोयेल शे, इसरी गया का?" आणि आत निघून गेली. आई हे सांगताना म्हणाली, जुन्या माणसांना स्वच्छतेचं कळत नाही, त्यांचा तरी काय दोष. मी मान हलवली.

आता ती पोर बालवाडीत जाते. कॉलेज संपवून मी घरीच आहे, ऑनलाइन शिकवण्या घेते, बटर करत नाही. कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणते. पोर फुईकडे धावत येते, तिच्या गुडघ्यांवर चढू बघते. फुई तिच्याशी खूप गप्पा मारते, चिडवते, हसवते. पण हात पदराखाली ठेवते. कुणी सांगितलेलं नाही. पोर पडली तर हाक मारून वहिनीला बोलावते, स्वतः उचलत नाही.

हे मी रोज बघते. मला काय वाटतं? काही वाटत नाही, असं लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण तसंच आहे. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा होतो, तसं.

वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत. मागच्या आठवड्यात आम्ही तिघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो — फुई, वहिनी, मी. बाळ चोळायला कोण, हा विषय कुणी काढला नव्हता. फुईनेच काढला. शेंग मोडता मोडता, वर न बघता म्हणाली, "ह्या टाइमले विसरवाडीनी बाई लावा वं माय. मन्हा हातनं नको."

वहिनी गडबडली. "तसं नाही हो फुई," म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी शिकलेली आहे.

फुईही थांबली होती. तिचे दोन्ही हात टोपलीत होते.

मी दाणे भांड्यात टाकले आणि दुसरी शेंग घेतली. थोड्या वेळाने फुई म्हणाली, यंदा दाणा भरेल शे. वहिनी हो म्हणाली. टोपली रिकामी झाल्यावर मी सालं गोळा केली आणि मागे म्हशीपुढे टाकून आले.