फिजिक्सचं डोकं

मार्कलिस्ट मिळाली तेव्हा ऑफिसच्या खिडकीपाशी रांग होती, म्हणून मी ती तिथं उघडलीच नाही. सायकल स्टँडवर जाऊन उघडली. बाकीचे सगळे पेपर सुटले होते. क्वांटम मेकॅनिक्सच्या पुढं शंभरपैकी एकवीस होते. पस्तीसला पास. दोन-चार मार्कांनी हुकला, तपासणाऱ्यानं हात आखडला, असं म्हणायलाही जागा नव्हती.

मी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही राहायचो कुपवाडला. आबा, म्हणजे माझे वडील, तिथल्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. मूळ गाव वाईकडचं, पण तिथं आता दिवाळीपुरतं जाणं. आईला अक्षरओळख नव्हती, आबा सातवी झालेले. आमच्या बौद्धवस्तीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या एकवीस मार्कांची बातमी संध्याकाळपर्यंत किती घरांत पोचणार होती ते कळावं, म्हणून सांगतेय.

खरं तर मी फिजिक्स घेणारच नव्हते. शेवटच्या वर्षाला एकच विषय निवडायचा असतो आणि माझी केमिस्ट्री ठरली होती. कुपवाडला, शिरवळला कारखान्यांच्या लॅबमध्ये केमिस्ट घेतात, ही चौकशी आबांनी स्वतः करून ठेवली होती. फॉर्म ऑफिसात द्यायच्या आधी चार दिवस फिजिक्सचे सर आमच्या घरी आले. स्कूटर वस्तीच्या तोंडाशी लावून, विचारत विचारत आले. आमच्या घरात प्राध्यापक यायची ती पहिली वेळ. आईनं शेजारून बशा आणल्या. सरांनी चहा घेतला, आवडला म्हणाले, आणखी अर्धा कप मागितला. त्या अर्ध्या कपाचं आबांना पुढं कित्येक महिने कौतुक होतं.

"मुलीला फिजिक्सचं डोकं आहे," सर आबांना म्हणाले. "केमिस्ट्री काय, कुणीही करतं. ही एम.एस्सी. करेल, प्राध्यापक होईल. पेपर अवघड असतात, पण ती जबाबदारी माझी."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघत होते, पण मला हसू आवरत नव्हतं. आपल्याला कशाचं तरी डोकं आहे, असं तोवर मला कुणी म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्मवरची केमिस्ट्री खोडून फिजिक्स लिहिलं.

पहिले पाच महिने बरे गेले. सर चांगलं शिकवायचे, हे नाकारता येत नाही. दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि कळलं, सरांची बदली झाली. संस्थेची बरीच कॉलेजं होती, त्यातल्या साताऱ्याच्या कॉलेजात ते गेले. आमचा निरोपही घेतला नाही. क्वांटम मेकॅनिक्स त्यांच्याकडं होतं आणि त्याची जेमतेम दोन प्रकरणं झाली होती. त्यानंतर तीन महिने तो तास रिकामा राहिला. फेब्रुवारीत तासामागं पैसे घेऊन शिकवणारे एक नवे सर आले. ते टेबलाशी उभे राहून वही वाचून दाखवायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. मी शंका विचारली की म्हणायचे, "आत्ता लिहून घ्या, नंतर बघू." परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी अख्खी वही पाठ केली होती. पेपरात गणितं आली. पाठ केलेलं काहीच आलं नाही.

निकालाच्या दिवशी मी सायकल स्टँडवरून घरी न जाता लॅबमध्ये गेले. जर्नल परत घ्यायचं होतं. लॅबमध्ये शिपाई असलेले एक मामा होते, तिथंच त्यांची नोकरी संपत आलेली. सगळी मुलं त्यांना मामाच म्हणायची. माझा चेहरा बघून त्यांनी स्टूल पुढं केलं.

"किती ऱ्हायलं?"

"एकच. क्वांटम."

"त्यो तर निम्म्या वर्गाचा ऱ्हायलाय." मामा जर्नलांचा गठ्ठा सोडत म्हणाले. "मला तुमा पोरांचं लय वाईट वाटतं. सरांनी तुमाला गोळा केलं न् सोता निघून गेलं."

"गोळा केलं म्हणजे?"

मामांनी सांगून टाकलं. आता कुणाला भ्यायचं त्यांना कारण नव्हतं. फिजिक्सला किमान बारा मुलं लागायची. बारा झाली नाहीत तर शेवटच्या वर्षाचा वर्ग बंद, तास कमी, आणि सर जादा ठरून संस्था टाकेल तिकडं गेले असते. त्यांना साताऱ्याला जायचं होतं, तिथं त्यांचं घर होतं. तिथली जागा रिकामी होईपर्यंत इथली टिकवायची होती. त्या वर्षी जून उजाडला तेव्हा नावं सातच होती.

"पाच जनांच्या घरी गेलं सर," मामा म्हणाले. "स्कूटर घिऊन. तुझ्याकडं आलं हुतं का न्हाई?"

"आले होते."

मी जर्नल घेऊन बाहेर पडले. नापास झाल्याचं मी तोवर सहन केलं होतं. आता मला शेजारून आणलेली ती बशी आठवली, आणि तो आणखी अर्धा कप.

घरी मी मार्क सांगितले, मामांचं बोलणं सांगितलं नाही. आई रडली. आबा म्हणाले, "आपुन साताऱ्याला जाऊ. सरांनी जबाबदारी घेतलीया. त्ये वाट दावतील." मी नको म्हटलं. ते ऐकेनात. त्यांच्या चेहऱ्यावर इतका भरवसा होता की तो मोडायचं मला धाडस झालं नाही. पण एवढंच नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सर समोरासमोर काय बोलतात, ते मला पाहायचं होतं.

आबांनी खाडा केला, लग्नाकार्याचा शर्ट इस्त्री करून घातला. सकाळची एसटी धरून आम्ही साताऱ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. सरांचं घर चढावर होतं. सरांनी दार उघडलं आणि मला दुसऱ्याच मुलीच्या नावानं हाक मारली. मी दुरुस्त केलं. "हां हां, कुपवाड," ते म्हणाले.

आबांनी सगळं सांगितलं. सरांनी मार्कलिस्ट हातात घेऊन पाहिली आणि परत दिली.

"काय आहे," सर म्हणाले, "क्वांटम सगळ्यांना झेपत नाही. मला तेव्हाच थोडी शंका होती. ऑक्टोबरला बसू दे. नाहीतर डी.एड. वगैरे बघा. मुलीच्या जातीला तेही चांगलं."

मला वाटलं आबा मान डोलावतील. साहेबलोकांसमोर ते नेहमी मान डोलवायचे. पण त्यांनी विचारलं, "शंका व्हती, तर मग सर, घरी यून तसं का म्हनला?"

"अहो, मुलांना प्रोत्साहन द्यावं लागतं."

"प्रोत्साहन येगळं. तुमी जबाबदारी म्हनला व्हता."

"बदली काय माझ्या हातात असते का?"

तेव्हा मी बोलले. "बारा मुलं झाली नसती तर वर्ग बंद झाला असता ना सर?" आवाज चढला नव्हता. सर माझ्याकडं न बघता घड्याळाकडं बघून म्हणाले, "कुणी सांगितलं तुला हे?" नाही म्हणाले नाहीत. सरांच्या घरच्या बाई चहा घेऊन आल्या. आबा उठले, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "आमची गाडी हाय."

गाडीला अजून दीड तास होता. स्टँडवर बाकड्यावर बसल्यावर आबांनी विचारलं, "ते बाराचं तुला कवा कळलं?"

"निकाल लागला त्या दिवशी."

"म्हंजे इथं यायच्या आधी."

"हो," मी म्हटलं.

"मला का न्हाई सांगितलंस? मी त्या मानसापुढं हात जोडून बसलो." आबा समोरच्या फलाटाकडं बघत होते. "त्यानं फसवलं ती गोष्ट येगळी. तो परका हाय."

 सरांवरचा राग मी परतीच्या प्रवासात काही वेळ विसरलेच. आबांनी मला कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. घरी गेल्यावर ते जेवले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका रविवारी वस्तीतल्या विहाराची किल्ली आणून माझ्यापुढं ठेवली. "दिवसभर मोकळंच असतंय. तिथं बसून अभ्यास कर."

मी ऑक्टोबरचा फॉर्म भरला. लायब्ररीत क्वांटमचं एकच धड पुस्तक होतं, ते आमच्याच वर्गातल्या एका मुलानं नेलेलं. तो जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, हॉस्टेलवर राहायचा. वर्षभरात आम्ही चार वाक्यंही बोललो नव्हतो. मी पुस्तक मागायला गेले तर म्हणाला, "वाटून घिऊ. एक दिवस तुमी, एक दिवस मी." पुढं आम्ही रीडिंग रूममध्ये समोरासमोर बसूनच गणितं सोडवायला लागलो. एकदा तो पेन ठेवून म्हणाला, "मी तर बॉटनी घेणार हुतो. सर आमच्या गावापत्तूर आलं. वडलांना म्हनाले, पोराला फिजिक्सचं डोकं हाय."

"पुढं काय म्हणाले?"

"केमिस्ट्री-बॉटनी काय, कुणीबी करतंय. जबाबदारी माझी."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता मला रडू आलं आणि मी पुस्तकाच्या आड तोंड केलं. कुणी फसवलं हे मला आधीच माहीत होतं. पण ते वाक्य माझं आहे, निदान ते तरी माझ्याकडं बघून म्हटलेलं आहे, असं मी कुठंतरी धरून ठेवलं होतं. ते पाच घरांत जसंच्या तसं वाटलेलं निघालं. चहाही त्यांनी पाचही घरी दोनदा मागितला असेल.

ऑगस्टमध्ये क्वांटममधलं डब्यात कोंडलेल्या कणाचं गणित मला पहिल्यांदा पूर्ण सुटलं, कुणाला न विचारता. मी ते तीनदा पुन्हा सोडवलं. फार आनंद झाला असं नाही. एवढं सोपं होतं तर ते कुणी एका तासात समजावून का दिलं नाही, याचा संताप आला.

ऑक्टोबरला मला एक्केचाळीस पडले. पास झाले, पण क्लास घसरला, आणि एम.एस्सी.चे प्रवेश केव्हाच होऊन गेले होते. जतच्या मुलाचा पेपर पुन्हा राहिला. तो गावी गेला, पुढं भरतीत निवडला गेला असं ऐकलं. मी वर्षभर शिकवण्या घेतल्या, बी.एड. केलं आणि वाईजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान-गणिताला लागले.

तिथल्या दुसऱ्याच उन्हाळ्यात मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून वाड्यावस्त्या वाटून दिल्या. आठवीची एक तुकडी मुलांअभावी बंद पडायला आली होती आणि ती गेली असती तर शेवटी लागलेली शिक्षिका म्हणून पहिली मीच जादा ठरणार होते. मी एका घरी गेले. मुलीच्या आईनं बसायला चटई टाकली, पाणी दिलं. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. बोलायचं काय ते सगळं मला पाठ होतं.

"बाई, पोरगी हुशार हाय का आमची?" आईनं विचारलं.

"मी तिला अजून शिकवलं नाही," मी म्हटलं. "आमची तुकडी टिकवायला मुलं कमी पडतायत, म्हणून आलेय. मी गणित नीट शिकवते, पण बदली झाली तर माझा इलाज नाही."

आईनं मान हलवली. त्या मुलीला त्यांनी दुसऱ्या शाळेत घातलं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून चांगलंच सुनावलं. तुकडी त्या वर्षी कशीबशी राहिली, ती इतरांनी आणलेल्या मुलांमुळं. सुट्टीत कुपवाडला गेले तेव्हा हे आबांना सांगितलं. ते जेवत होते. "बरं केलंस," म्हणाले, आणि आईला आमटी वाढायला सांगितली.