सुभेदारांचा महाशीर

मी लोकांना मासे पकडायला घेऊन जायचे, असं सांगितलं की आजही ऐकणारा पुन्हा विचारतो. माझे वडील इंदूर संस्थानच्या शिकारखान्यात होते. संस्थान विलीन झालं, मध्य प्रदेश अजून नवा नवा होता, आणि वडिलांनी हौशी लोकांना बडवाहजवळ नर्मदेवर न्यायला सुरुवात केली. तुकोगंजातले डॉक्टर यायचे, महूचे फौजी यायचे. सगळ्यांना महाशीर हवा असायचा, नदीतला सगळ्यात झुंजार मासा. पुढे वडिलांचे गुडघे गेले. मी तेव्हा कॉलेज संपवून घरीच होते. म्हटलं, "मी नेते." आईला ते पसंत नव्हतं. वडील म्हणाले, "तिला पाण्याची धार ओळखता येते. जाऊ दे."

ओळखता येत होतीच. मला त्यात कधी शंका नव्हती.

एका दुपारी महूचे एक सुभेदार इंदूरच्या लालबागेजवळच्या आमच्या घरी आले. वडिलांबरोबर त्यांनी बरेच हिवाळे नदीवर काढले होते. लढाईत त्यांचा डावा हात कोपराच्या जरा खाली तुटला होता, ते आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. चहा झाल्यावर त्यांनी कापडात गुंडाळलेला रॉड वडिलांपुढे ठेवला.

"काकाजी, हा विकायचाय. कोणी शौकीन असेल तर बघा."

मी विचारलं, "विकायचा कशाला?"

"एका हातानं रॉड धरू की रीळ फिरवू, ताई?"

आवाजात तक्रार नव्हती. हिशेब करून टाकल्यासारखे ते बोलले. मी रॉड उचलून आत ठेवला आणि म्हटलं, "थोडे दिवस थांबा. मग विकायचा का ते ठरवू."

महूच्या छावणीत घोड्यांची खोगिरं शिवणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांच्याकडून मी रुंद पट्टा शिवून घेतला. पोटापाशी चामड्याची वाटी, तिच्यात रॉडचं बूड बसायचं. डाव्या हाताचा जेवढा भाग उरला होता त्याला एक फास, तो रॉडभोवती अडकवायचा. उजवा हात रिळाला मोकळा. पहिली वाटी फार खाली आली, ती उसवून वर घेतली.

मग अंगणात तालीम. सुभेदार एका टोकाला पट्टा बांधून उभे, दुसऱ्या टोकाला वडील खुर्चीत, हाताला दोर गुंडाळून. वडील मासा झाले होते. असे हिसके देत होते की मलाच मध्ये पडावं लागलं. "महाशीर दया करेल का यांच्यावर?" वडील म्हणाले. सुभेदार हसले, आल्यापासून पहिल्यांदाच.

होळीच्या आधी पाणी निवळलं तेव्हा आम्ही गाडीनं बडवाहला गेलो. आमचा नेहमीचा नावाडी घाटावर होता. घाटापासून खूप वर, जिथे खडकांमध्ये डोह आहेत, तिथे नाव लावली. कणकेचा गोळा गळाला लावला. पहिला मासा लागला आणि सुभेदारांनी सवयीनं रीळ सोडून रॉडच पकडला. दोर तुटला.

"बस, झालं," ते म्हणाले आणि पट्टा सोडायला लागले.

मी दुसरा गळ बांधत होते. "अजून कणीक उरली आहे. घरी नेऊन तिच्या पोळ्या करायच्या नाहीत मला."

त्यांनी पट्टा परत आवळला.

ऊन कलल्यावर दुसरा लागला. रीळ किंचाळत सुटलं. रॉड पार वाकला, सुभेदार पुढे ओढले गेले. नावाडी रॉड धरायला सरसावला. "हात मत लगाना, भिया," ते म्हणाले, आणि मीही रॉडला हात लावला नाही. मागून त्यांचा पट्टा पकडून नावेत बसकण मारली, म्हणजे ते पाण्यात जाणार नाहीत.

"पळू द्या त्याला. आता दोर द्या. और दीजिए."

"खडकाकडे चाललाय, ताई."

"जाऊ द्या. नाव त्याच्या मागे नेऊ." नावाडी वल्हं मारतच होता. मासा खडकाच्या तोंडाशी थबकला. "आता गुंडाळा. हळू. आता."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. माझ्या तळहातांना पट्ट्याचे वळ उठले होते. शेवटी सोनेरी खवल्यांची ती लांबलचक कूस पाण्याबाहेर दिसली आणि नावाड्यानं जाळी खाली घातली.

सुभेदार नावेत खाली बसले. माशावर उजवा तळवा ठेवला. मग म्हणाले, "काकाजींना दाखवायचाय."

ओल्या गोणपाटात बांधून आम्ही तो इंदूरला आणला. वडिलांनी खवल्यांवरून हात फिरवला आणि सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली. पहिला मासा का सुटला यावर त्यांनी सुभेदारांना चांगलं सुनावलंही.

रॉड विकला गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात सुभेदार आले ते कुबडी घेतलेल्या एका हवालदाराला बरोबर घेऊन. फौजी इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या.

"ताई, याला नावेत तोल राहत नाही. काही करता येईल का?"

हवालदार दारातच अवघडून उभा होता. मी त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि माप घ्यायला शिलाईची टेप आणली.