साडूंनी पाहिलेला धबधबा

देवाने ही सृष्टी माझ्या मोठ्या साडूंना दाखवली ती कौतुकासाठी नव्हे, तपासणीसाठी, असं माझं ठाम मत झालं आहे. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. नांदगाव, कळवण, सुरगाणा असं फिरत त्यांनी लोकांचे बांध मोजले, आणि निवृत्तीनंतर नाशिकला घर करून डोंगर, समुद्र, सूर्यास्त असे खात्याच्या हातून सुटलेले विषय हाती घेतले. कोकणात समुद्रापुढे उभे राहून ते म्हणाले होते, "पाणी जरा जास्तच हाय." एका ठिकाणी सूर्यास्त पाहायला जमलेली माणसं अगदी गप्प झालेली असताना, सूर्य थोडा डावीकडे हवा होता असं त्यांनी मोठ्यांदा सांगितलं, आणि शेजारची दोन माणसं खरंच डावीकडे पाहू लागली. अशा गृहस्थांना दरवर्षी सहलीला सोबत लागते, आणि ती सोबत म्हणजे मी. माझी बायको पहिल्याच सहलीत शहाणी झाली. "ताईला मी घरीच भेटेन," असं सांगून ती मोकळी झाली. मला ते वेळेवर सुचलं नाही, आणि आता सुचून उपयोग नाही.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन. "पाहुणे, बॅग भरा. कर्नाटकातलं जंगल. बारा महिने ओलं असतं म्हणे. कितपत खरं हाय ते बघून येऊ." मी गुडघा, रक्तदाब, पुतणीच्या साखरपुड्याचं बोलणं, सगळं पुढे केलं. साडूंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "औंदा जागा तिनं सांगितलीय." ती म्हणजे आमच्या ताई, माझी मेव्हणी. चाळीस वर्षं ताई साडूंच्या मागून मुकाट चालत आल्या होत्या. या वेळी मुलीच्या मोबाइलवर त्यांनी एका अभयारण्यातला धबधबा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा "इथे जाऊ या" म्हणाल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, थंडीत ऑपरेशन ठरलेलं. त्यामुळे मी बॅग भरली. जंगलात जळवा असतात हे साडूंनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून नाशिकरोड स्टेशनवरच त्यांनी माझ्या मोज्यांत मीठ भरलं. दीड दिवसाच्या प्रवासात माझे पाय लोणच्यासारखे मुरले. जळू लागली ती शेवटी त्यांच्याच मानेला.

ते अरण्य मात्र खरोखर ओलं होतं. सकाळचे दहा वाजलेले, तरी आत संध्याकाळ. पाऊस नव्हता, पण पानापानांतून पाणी गळत होतं आणि रातकिडे असे किरकिरत होते की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. साडू पुढे, मोठ्याने पावलं मोजत; मागे काठी टेकत, थांबत थांबत ताई आणि त्यांच्यासोबत मी. फाटकावरच्या पाटीने धबधबा एक किलोमीटर सांगितला होता आणि त्यांचा कुठल्याच पाटीवर विश्वास नाही. मधेच थांबून ते वर बघत म्हणाले, "झाडं लय दाटीनं लावलीत."

वनखात्याचा वाटाड्या हिंदीत म्हणाला, "साहब, लगाया नहीं, अपने आप आया है."

"तरीच," साडू म्हणाले आणि पुढे निघाले.

शेवटी उतरत्या, शेवाळलेल्या पायऱ्या आल्या. खालून पाण्याचा घनगंभीर आवाज येत होता. ताईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला आणि पाय पुन्हा वर घेतला. बाजूला एक छपरी होती, तिच्यातल्या बाकावर बसत त्या म्हणाल्या, "माझं इथवरच. तुम्ही बघून या आणि मला सांगा."

साडू पायऱ्या मोजत उतरू लागले. मी मागोमाग. एकच वळण राहिलं होतं, तुषार तोंडावर यायला लागले होते, तेवढ्यात त्यांची मोजणी थांबली.

"तुम्ही व्हा पुढं, पाहुणे."

"अहो, आता हे काय? समोरच आहे की!"

"सहल तिची हाय. तिच्या आधी मी काय बघू?"

"मग वर तरी जा."

"लगेच वर गेलो तर कळंल ना तिला." एवढं बोलून ते धबधब्याच्या आवाजाकडे पाठ करून ओल्या पायरीवर बसले.

मी एकटा जाऊन पाहून आलो. तेवढा वेळ ते तसेच बसून होते. वर आल्यावर मात्र ताईंसमोर त्यांची वाणी सुटली. "अगं, दोन धारा! मधे काळाभोर खडक. वरून पाणी सुटतं ते खाली पोचायच्या आत निम्मं धूर होतं बघ. असं काही मी जन्मात पाहिलं नाय." ताई मान खाली घालून, हसऱ्या तोंडाने ऐकत होत्या. फाटकापाशी साडू चहा आणायला गेले, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "भाऊ, बघितला नाही ना त्यांनी?"

मी मोज्यातलं मीठ झटकू लागलो.

"बघितला असता तर काहीतरी खोट काढली असती," ताई म्हणाल्या. "विचारू नका त्यांना. सांगू देत."

परतीच्या गाडीत दुपारी ताईंचा खिडकीला टेकून डोळा लागला. माझं अंग अंग दुखत होतं. पुढच्या वर्षी कुणी सोन्याचा डोंगर दाखवला तरी घर सोडायचं नाही, असं मनाशी ठरवत मी डोळे मिटले होते. साडू सरकत सरकत माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलेलं आठवत नाही.

"पाहुणे," ते म्हणाले, "कसा होता हो?"

मी उठून बसलो आणि सांगू लागलो. पाण्याचा रंग, कड्यावरचं शेवाळ, अंगावर आलेला गार वारा, जमेल तसं सगळं. त्यांनी मधे एकदाही मला अडवलं नाही. धार एकच होती असं मी म्हणालो, तेव्हा फक्त त्यांनी ताईंकडे वळून पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू बोला," ते म्हणाले.