नोएलीनच्या स्वयंपाकघराची भिंत

आमच्या मेरीबरो गावात जुनी घरं लाकडी खांबांवर उभी असतात. घराखाली कपडे वाळतात, कुत्री झोपतात. माझी शेजारीण नोएलीन ट्रँटर चाळीस वर्षं तिथं कपडे वाळत घालत आली, पण वर मान करून तिनं कधी पाहिलं नव्हतं. घराची डागडुजी म्हणजे नवऱ्याचं, ग्रॅहमचं खातं. तो गेल्यावर दोन वर्षांनी तिनं ठरवलं, स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधली भिंत पाडायची. शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्य उकाड्यात गेलं, आता घरात तरी वारा खेळू दे.

काम मर्व्ह ऑजर्स या कंत्राटदाराकडे दिलं. तो सांगेल त्याला ही मान डोलवायची. एके दिवशी तो म्हणाला, "उद्या रफ-इन करतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ही दारातच उभी.

"रफ काम मला नको, मर्व्ह. पहिल्यापासून नीटच कर."

मर्व्हनं चहाचा मग खाली ठेवला. "अगं, भिंती बंद करायच्या आधी आत पाइप आणि वायरी टाकून ठेवायच्या, त्याला रफ-इन म्हणतात. नळ, बटणं मागाहून."

"मग तसं सांगायचं की."

"तू मान डोलवत होतीस, मला वाटलं कळलं."

त्या दिवसापासून तिनं एकही शब्द तसाच सोडला नाही. टॉर्च घेऊन ती त्याच्यामागं घराखाली वाकून हिंडली. खांबांवरच्या जाड तुळया, त्यांवर आडवी लाकडं, त्यांवर जमिनीच्या फळ्या, सगळं हात लावून पाहिलं.

"आणि लोड-बेअरिंग भिंत कुठली?"

"जी वरचं वजन पेलते ती. तुझी पाडायची आहे ती नुसती आडोशाची."

रात्रभर तिच्या डोक्यात ते घोळत राहिलं. सकाळी मर्व्ह आल्या आल्या तिनं विचारलं, "आडोशाची आहे, तर हिच्याखालीच खांबांची एवढी दाट रांग कशाला? झोपायच्या खोलीतल्या आडोशाखाली तर एकही नाही."

मर्व्ह शिडी लावून माळ्यावर चढला. उतरला तेव्हा केसांत जळमटं होती.

"वासे हिच्यावरच टेकलेत," तो म्हणाला. "मी वर न बघताच बोललो. चुकलं माझं."

"म्हणजे छप्पर माझ्या चुलीवर आलं असतं?"

"वाकलं तरी असतंच."

ती रागावली नाही. मला म्हणाली, चूक कबूल करणारा माणूस बदलून दुसरा कशाला शोधायचा? इंजिनिअर आला, भिंतीच्या जागी छप्पर पेलायला लोखंडी तुळई आली, काम तीन आठवडे लांबलं. तोवर नोएलीन अंगणात सॉसेज भाजायची आणि मर्व्हला जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

मग माझ्या न्हाणीघराचं काम निघालं. माझा कंत्राटदार "मेम्ब्रेन, मेम्ब्रेन" करत होता आणि मी मान डोलवत होते. नोएलीन मोरीच्या काठावर बसली आणि म्हणाली, "दादा, म्हणजे काय ते आम्हाला आधी सांगा. घाई नाही." फरशीखाली पाणी अडवायला लावतात तो थर, असं त्यानं समजावलं, आणि कुठवर लावणार तेही खडूनं भिंतीवर काढून दाखवलं.

आता रविवारी तिची बहीण येते. मोठ्या मोकळ्या खोलीत दोघी कोळंबी सोलत बसतात, आणि नदीवरचा वारा पुढच्या दारातून शिरून मागच्या दारानं निघून जातो.