ज्वारीच्या दाण्यांवर मांडलेली सुट्टी

लहानपणापासून माझा डावा कान वाहायचा, त्यानं ऐकूही जेमतेम यायचं. यवतमाळला इंटर सायन्सला होतो त्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. दहा दिवस दवाखान्यात, मग महिनाभर आराम. नाक जोरात शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची."

मी तिथंच नन्नाचा पाढा लावला. मार्चमध्ये परीक्षा होती आणि आमच्या घराण्यात कॉलेज पाहणारा मी पहिलाच. वर्ष बुडवायचं कसं?

दिग्रसला घरी आलो. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं सुपात ज्वारीच्या दाण्यांची एक रांग मांडली, डॉक्टरांच्या दिवसांची. खाली दुसरी, दिवाळीच्या सुट्टीची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी दिवाळी बंद झाली होती, सुट्टी मात्र मिळायची. खालची रांग एकोणीस दाण्यांनी कमी भरली.

"एवढे दिवस तुह्या मास्तराले मागू," आई म्हणाली.

"आई, तिथं मास्तर नसतात. प्रोफेसर असतात."

"मंग त्यायले मागू. काहून, ते माणसं नाहीत काय?"

आणि खरंच, पुढच्या आठवड्यात ती मोटरीनं यवतमाळला येऊन रसायनशास्त्राच्या प्रोफेसरांपुढे उभी राहिली. मी मागं, मान खाली घालून. तिनं सगळं सांगितलं, शिंक कशी द्यायची तेही करून दाखवलं. प्रोफेसर हसले नाहीत. म्हणाले, "बुडतील ती प्रॅक्टिकलं मी जानेवारीत करून घेईन. आणि अमोनियाच्या बाटलीजवळ याला फिरकूसुद्धा देणार नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पाह्यलं? तू उगाच भेत होता."

ऑपरेशन नीट झालं. बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. हंगाम सुरू झालेला, घराभोवती कापसाचे तंतू उडत असायचे. म्हणून आई मला आर्णीला मामांकडे घेऊन गेली. यवतमाळच्या खोलीतला मित्र वर्गातलं सगळं उतरवून मोटरीच्या कंडक्टरजवळ वही पाठवायचा. त्याचं अक्षर लावण्यातच माझा निम्मा आराम गेला.

मामी फोडणीआधी ओरडायची, "भाचेसाहेब, बाहेर पळा!" मी पट्टी सांभाळत अंगणात. तरी एकदा मिरचीनं गाठलंच. आ वासून अशी शिंक दिली की दारातली शेळी दावं तोडून पळाली आणि मामी तिच्या मागं. आईनं आधी धावत येऊन माझी पट्टी पाहिली. ती कोरडी दिसल्यावर जी हसायला लागली ती थांबेचना.

जानेवारीत रोज दुपारी प्रयोगशाळेत मी आणि प्रोफेसर, दोघंच. एकदा माझ्या डावीकडून, पुटपुटल्यासारखं ते म्हणाले, "दिवा विझव." मी स्पिरिटचा दिवा विझवला. त्यांनी चटकन माझ्याकडे पाहिलं.

"ऐकू आलं?"

"आलं, सर."

संध्याकाळीच घरी पोस्टकार्ड टाकलं. चार दिवसांनी बाबांच्या अक्षरात आईचं उत्तर आलं: लय चांगलं झालं. पण आणखी महिनाभर डोक्यावरून पाणी घेऊ नको.