कोंडिबाची गवळण आणि मंडळाचा कॉम्प्युटर

खट्ट. युनूसभाईच्या टेपरेकॉर्डरचं लाल बटण खाली बसलं की असा आवाज यायचा आणि आमचं सगळं भजनी मंडळ खोकणं विसरायचं. त्याला आता कित्येक वर्षं झाली. त्या कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवायच्या असं ठरलं आणि शिरूर कासारात आमच्याकडं गाणी कमी, किस्से जास्त जमायला लागले. चहाच्या टपरीवर सांगितले की लोक हसतात. मला मात्र अजून राग येतो.

सुरुवात सुंदराबाईपासून झाली. तिचा नवरा कोंडिबा म्हणजे आमच्या मंडळाचा गळा. तो गेल्यावर एक दिवस ती मंडळाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तात्या, एका गवळणीत आमी दोघं हावोत. तेवढी एकडाव ऐकवा."

कॅसेट होती. पण युनूसभाईनं पट्टी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, ही एकदाच वाजंल. वाजंल तेव्हा कॉम्प्युटर तयार पाहिजे.

*

कॉम्प्युटर दिला आमच्या अध्यक्षांनी, भाऊसाहेबांनी. त्यांच्या कापसाच्या दुकानातला जुना. त्याला हार घातला, फोटो काढला, पेढे वाटले. सगळे गेल्यावर बघतो तर लाइटीची वायरच नाही!

मी त्यांच्या घरी गेलो. वायर पोराच्या कॉम्प्युटरला लावलेली.

भाऊसाहेब म्हणाले, "तात्या, दान घेतलं की लगेच वापरायचं असतं का? दम धरा जरा."

*

वायर आली. आधी दुसऱ्या कॅसेटी लावून बघितल्या, तर गाणं आत जाताना फाटायला लागलं. कॉम्प्युटरचं बघायला गणेश होता. त्यानं क्लास केलेला, म्हणून सगळे त्याला इंजिनिअर म्हणतात. तो म्हणाला, टेप खराब आहे. युनूसभाई म्हणाला, कॉम्प्युटर खराब आहे. दोघांचं बोलणं बंद झालं. एकाला चहा दिला की दुसरा पीत नसे.

शेवटी कळलं, टेपची पिन शेजारच्या भोकात जायला हवी होती, ती माइकच्या भोकात बसली होती. कुणी खोवली? दोघं एकमेकांकडं बोट दाखवायला लागले. मग दोघांचं एकमत झालं आणि दोघं माझ्याकडं वळले.

"तात्या, इतके दिवस तुमी गप कावून बसले?"

*

मग कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. गणेश म्हणाला, "फॉर्मॅट मारावं लागंल."

म्हणजे काय, तर आतलं सगळं पुसून पहिल्यापासून सुरू. तोवर दुसऱ्या कॅसेटी आत उतरवलेल्या होत्या. युनूसभाई भडकला.

"तुझ्या आज्याला दम लागला तर त्याला पुसून पहिल्यापासून आणतो का बे?"

मग खोकं उघडलं. पंख्यात कापूस गच्च बसलेला. देवाच्या वाती वळता येतील एवढा निघाला. तो काढला आणि मशीन तासन्‌तास चालायला लागलं.

भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "कॉम्प्युटर दिला होता. कापूस न्हाई दिला."

*

दसऱ्याला त्यांनीच कॉम्प्युटरची पूजा केली. नारळ फोडला तो त्याच्याच कोपऱ्यावर. पाणी कीबोर्डात गेलं आणि निम्मी बटणं मेली. मी काही बोलायच्या आत भाऊसाहेब म्हणाले, "तापत होतं ना? आता थंड राहील."

*

शेवटी गवळणीची कॅसेट लावली. पट्टी नीट फिरली आणि संपता संपता तिचे तुकडे झाले. पण तोवर गाणं आत उतरलं होतं. मी ते सगळं ऐकलं. कोंडिबा ओसरीत बसून एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. पुढची ओळ आतून सुंदराबाई उचलायची. बाईनं मंडळात बसायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून ती चुलीपुढूनच म्हणायची. भाकरी थापल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज आणि त्यातून तिचा तो कोवळा गळा. मला पुढचं दिसेना.

सुंदराबाईला निरोप धाडला आणि मधल्या वेळात मी उमापूरला लेकीकडं जाऊन आलो. येऊन बघतो तर खोलीत खुर्च्या मांडलेल्या. सुंदराबाई पुढं बसलेली. भाऊसाहेब तिला सांगत होते.

"काकू, गणेशकडून गाणं धुऊन घेतलं. मागं बायकांचा लई गलका होता, भांडीबिंडी. जिथं कोंडिबा न्हाई तिथलं समदं कोरं केलं."

मी गणेशला बाजूला घेऊन विचारलं, पहिलं कुठाय? तो खाली बघत म्हणाला, "जागा नव्हती तात्या. त्याच्यावरच सेव्ह केलं."

तोवर गाणं सुरू झालं होतं. कोंडिबानं ओळ म्हटली आणि थांबला. खोलीत काहीच नाही. परत एक ओळ म्हटली. परत थांबला. सुंदराबाईनं मान कलती केली, ओठ जरा उघडले आणि तसेच राहिले.

भाऊसाहेब म्हणाले, "चोख हाय का न्हाई, काकू? आवाज वाढवू?"

सुंदराबाईनं पदर सारखा केला, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि उन्हातून घराकडं चालायला लागली.